तीनाचे चार : अरुंद वाटेवरून फायलींचा प्रवास

ई-मेलला फोटो जोडायचा असेल, तर आपण क्लिपच्या चित्रावर टिचकी मारतो, फाईल निवडतो आणि विसरून जातो. लातूरहून निघालेला फोटो क्षणार्धात नांदेडला, पुण्याला किंवा न्यू जर्सीला पोहोचतो. मात्र ई-मेलची व्यवस्था जेव्हा आखली गेली, तेव्हा तिच्यात फोटोला जागाच नव्हती. ती व्यवस्था केवळ इंग्रजी मजकुरासाठी होती. त्यामुळे फोटो, गाणे, आज्ञावली किंवा संकुचित केलेली फाईल पाठवायची तर आधी तिला इंग्रजी अक्षरांचा वेष चढवावा लागे आणि पलीकडे पोहोचल्यावर तो उतरवावा लागे. हा वेष चढवणे म्हणजे एन्कोडिंग आणि उतरवणे म्हणजे डिकोडिंग. हे काम आता पडद्याआड होते, इतकाच काय तो फरक. वेष अजून चढवला जातोच.

लातूरच्या जुन्या आडत्यांना ही युक्ती फारशी समजावून सांगावी लागणार नाही. लातूरला आलेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी नॅरोगेज होती. कुर्डुवाडीला तिची गाठ मुंबई-सोलापूर या साडेपाच फुटी ब्रॉडगेज मार्गाशी पडे. एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर जाऊ शकत नसे. त्यामुळे लातूरची डाळ असो वा मुंबईचे कापड, कुर्डुवाडीला माल उतरवायचा, दुसऱ्या मापाच्या डब्यांत भरायचा आणि पुढे न्यायचा. मालात काही बदल होत नसे. बदलत असे ती फक्त भरण्याची पद्धत. वेळ जाई, हमाली लागे, आणि एखादे पोते फाटलेच तर नुकसान व्यापाऱ्याचे. संगणकांच्या सुरुवातीच्या जाळ्यांतही असेच दोन मापांचे रूळ होते. आठ बिटांचा एक, सात बिटांचा दुसरा.

संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक फाईल ही बाइटची रांग असते. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशा आठ खुणा. त्यातून ० ते २५५ अशा २५६ संख्या तयार होतात. फोटोच्या फाईलमध्ये यांपैकी कोणतीही संख्या कुठेही येऊ शकते. याउलट १९६३ साली अमेरिकेत प्रमाणित झालेली आस्की ही इंग्रजीची सांकेतिक सारणी सात बिटांचीच आहे. तिच्यात १२८ जागा. कॅपिटल आणि लहान अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि काही नियंत्रणचिन्हे एवढ्यावर इंग्रजीचे भागते. उरलेला आठवा बिट तारेवरील चुका पकडण्यासाठी वापरण्याची प्रथा होती. पाठवलेल्या बिटांतील एकांची संख्या सम आहे की विषम, हे त्यावरून पडताळून पाहता येई.

ऑगस्ट १९८२ मध्ये जोनाथन पोस्टेल यांनी ई-मेलच्या वहनाचे नियम, म्हणजे एसएमटीपी, प्रसिद्ध केले. (योगायोग असा की, उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला तोही याच महिन्यात.) त्या नियमांनुसार टपालात फक्त सात बिटांची आस्की चिन्हे चालतील, आणि एक ओळ हजार चिन्हांहून लांब नसेल. आठवा बिट वापरून काही पाठवलेच, तर वाटेतला संगणक तो खुशाल शून्य करून टाकू शकत असे. बहुतेकदा तो तसे करीही. त्या काळाचा विचार केला तर यात काही गैर नव्हते. पत्रांतून इंग्रजी मजकूर जाणार, हेच गृहीत होते.

हा आठवा बिट गेल्याने काय होते, हे मराठी माणसाला सर्वांत लवकर कळावे असे आहे. कारण त्या टपालाच्या लेखी मराठी मजकूरही फोटोसारखाच परका होता. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही सारणी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाणित केली. या लिप्यांसाठीचे जिस्ट तंत्रज्ञान कानपूरच्या आयआयटीत जन्मले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. इस्कीची रचना मोठी हुशारीची होती. खालच्या १२८ जागा इंग्रजीला तशाच ठेवल्या आणि भारतीय लिप्यांना वरच्या १२८ जागांत बसवले. शिवाय ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांना एकच सारणी. १७९ ही संख्या देवनागरीत 'क', गुरुमुखीत 'क' आणि तेलुगूतही 'क'. सचखंड गुरुद्वारा असलेल्या आणि तेलंगणाला लागून असलेल्या नांदेडसारख्या जिल्ह्यात, जिथे या तिन्ही लिप्या डोळ्यांखालून जातात, तिथे या कल्पनेचे मोल वेगळे सांगायला नको. (उर्दूची लिपी मात्र या सारणीत बसत नव्हती.)

आता इस्कीतले 'लातूर' घेऊ. ल, काना, त, दीर्घ उकार, र अशी पाच चिन्हे. त्यांच्या संख्या २०९, २१८, १९४, २२२ आणि २०७. आठवा बिट पुसणे म्हणजे प्रत्येकातून १२८ वजा करणे. उरते ८१, ९०, ६६, ९४ आणि ७९. आस्कीच्या सारणीत हे झाले क्यू, झेड, बी, टोपीसारखे एक चिन्ह आणि ओ. पाठवणाऱ्याने लातूर लिहिले, मिळवणाऱ्याला हे कडबोळे दिसले. नांदेडची गत आणखी गमतीची. एफ, झेड, अवतरणचिन्ह, डी, लहान ए, आणि शेवटी प्रश्नचिन्ह! आठवा बिट जिथे गेला तिथे देवनागरी संपलीच. फोटोच्या फाईलमध्ये तर एक बिट चुकला तरी चित्र उघडेनासे होऊ शकते; इथे प्रत्येक बाइटला कात्री लागत होती.

यावरचा पहिला गाजलेला तोडगा १९८० च्या सुमारास बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी लिहिला. त्याचे नाव यूयूएन्कोड. 'यूयू' म्हणजे युनिक्सकडून युनिक्सकडे. बेल प्रयोगशाळेत माइक लेस्क यांनी त्याआधी यूयूसीपी ही व्यवस्था तयार केली होती. तिच्यात एक संगणक दुसऱ्याला चक्क टेलिफोन लावी, साठलेले टपाल देई-घेई आणि फोन ठेवून देई. भारतात १९८६ साली एर्नेट हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. इलेक्ट्रॉनिक्स विभाग, पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी ही त्याची आरंभीची केंद्रे. एनसीएसटीचे प्रमुख होते एस. रमाणी. तिथेही पवईच्या आयआयटीशी पहिला व्यवहार टेलिफोनच्या डायल-अप जोडणीनेच झाला. म्हणजे मुंबईतल्या मुंबईत एक संगणक दुसऱ्याला फोन करीत होता.

यूयूएन्कोडची युक्ती शाळकरी मुलालाही कागदावर करून पाहता येईल. तीन बाइट घ्या. तीन गुणिले आठ, म्हणजे चोवीस बिट. ते सहा-सहाच्या चार गटांत वाटा. सहा बिटांत ० ते ६३ एवढ्याच संख्या मावतात. आस्कीत ३२ च्या खाली नियंत्रणचिन्हे आहेत, ती टाळायची. म्हणून प्रत्येक संख्येत ३२ मिळवा. ३२ ते ९५ या टापूत सगळी छापता येणारी चिन्हे आहेत. झाले! तीन बाइटची चार अक्षरे झाली, आणि आठव्या बिटाचा प्रश्नच उरला नाही.

मघाच्या लातूरमधली पहिली तीन चिन्हे घेऊ: २०९, २१८, १९४. यांचे बिट सलग मांडले तर ११०१०००१, ११०११०१०, ११००००१०. सहा-सहाने तोडले की ११०१००, ०१११०१, १०१०११, ००००१०. म्हणजे ५२, २९, ४३ आणि २. प्रत्येकात ३२ मिळवून ८४, ६१, ७५, ३४. आस्कीप्रमाणे टी, बरोबरचे चिन्ह, के आणि दुहेरी अवतरणचिन्ह. ही चार चिन्हे जगातल्या कुठल्याही सात-बिटी टपालातून धक्का न लागता जातील. पलीकडचा संगणक ३२ वजा करील, सहाचे गट पुन्हा आठाचे करील, आणि २०९, २१८, १९४ जसेच्या तसे हाती येतील. ब्रॉडगेजचे तीन डबे नॅरोगेजच्या चार डब्यांत भरले, पुढच्या स्थानकावर पुन्हा तीन केले.

फाईलच्या आरंभी 'बिगिन' हा शब्द, मग ती कोणी वाचावी-लिहावी याचा तीन आकडी संकेत आणि फाईलचे नाव, अखेरीस 'एंड'. मधल्या प्रत्येक ओळीत ४५ बाइटची ६० अक्षरे. ओळीच्या सुरुवातीला त्या ओळीत किती बाइट आहेत हे सांगणारे एक चिन्ह असे. ४५ मध्ये ३२ मिळवले की ७७, आणि ७७ म्हणजे कॅपिटल एम. त्यामुळे या फाईलची पाने उघडली की डाव्या कडेला एमची उभी रांग दिसे. जाणकार माणूस ती रांग पाहूनच ओळखे की हा मजकूर नाही, फाईल आहे.

या सगळ्याची हमाली होतीच. ओळीअखेरचे चिन्ह धरून ४५ बाइटला ६२ चिन्हे, म्हणजे फाईल सुमारे ३८ टक्क्यांनी फुगे. आज हे कोणाला जाणवणारही नाही, पण सेकंदाला २४०० बिट वाहणाऱ्या मोडेमवर जाणवे. बाइटमागे आरंभीचा आणि शेवटचा असे दोन बिट जास्तीचे धरले, तर असा मोडेम सेकंदाला २४० बाइट पाठवी. एक लाख बाइटची फाईल सात मिनिटांत जायची, ती एन्कोड केल्यावर साडेनऊ मिनिटे घेणार. फोनचा मीटर चालू असताना अडीच मिनिटे ही किरकोळ गोष्ट नव्हे, आणि फोन एसटीडीचा असेल तर मुळीच नव्हे. मधेच लाइन तुटली, तर पुन्हा पहिल्यापासून. शिवाय अनेक टपाल-संगणक ठरावीक आकाराहून मोठे पत्र घेत नसत. मोठ्या फाईलचे तुकडे करून 'पाचपैकी एक', 'पाचपैकी दोन' अशी पत्रे धाडावी लागत. त्यातले चौथे पत्र हरवले, तर उरलेली चार जवळपास निरुपयोगी.

यूयूएन्कोडमध्ये एक दोषही होता, आणि तो मोठा बोधप्रद आहे. शून्यात ३२ मिळवले की ३२ येतात, आणि आस्कीत ३२ म्हणजे कोरी जागा. फोटोंच्या फायलींत शून्ये मुबलक असतात. ओळीच्या शेवटी कोऱ्या जागा आल्या की काही टपाल-संगणक त्या निरर्थक समजून काढून टाकत. माणसाच्या पत्रात त्याने काही बिघडत नाही. इथे मात्र फाईलचा तुकडा गळून पडे. मग शून्यासाठी कोऱ्या जागेऐवजी ९६ व्या क्रमांकाचे उलट्या स्वल्पविरामासारखे चिन्ह वापरण्याची रीत आली. त्यातून सुटका होते न होते, तोच आयबीएमच्या मोठ्या संगणकांची अडचण पुढे आली. ते आस्की वापरतच नसत, एबसिडिक नावाची त्यांची स्वतःची सारणी होती. दोन सारण्यांच्या सीमेवर अक्षरे आणि अंक सुखरूप पार होत, पण कंस, टोपी यांसारख्या चिन्हांची अदलाबदल होई.

यावर टिकाऊ उत्तर मिळाले ते बेस६४ मध्ये. तिथेही तीनाचे चार हेच गणित आहे. फरक असा की चौसष्ट चिन्हे सरसकट न घेता निवडून घेतली. २६ कॅपिटल अक्षरे, २६ लहान अक्षरे, १० अंक, अधिकचे चिन्ह आणि तिरकी रेघ. सगळ्या सारण्यांत जी सुरक्षित राहतात तेवढीच. फाईलची लांबी तीनच्या पटीत नसेल, तर शेवटची रिकामी जागा बरोबरच्या चिन्हाने भरायची. ही कल्पना १९८७ पासून गोपनीय टपालाच्या एका मसुद्यात होती. तिला घरोघरी नेले ते माइम या प्रमाणाने. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ते तयार केले आणि जून १९९२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याआधी ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी जोडपत्रासह एक ई-मेल पाठवले. त्यात ते स्वतः ज्या चौघांच्या गायकवृंदात गात, त्याचा फोटो होता आणि त्यांचे गाणेही. माइमचे खरे काम वेष्टणावरच्या लेबलाचे आहे. आत काय आहे, चित्र की ध्वनी की मजकूर, कोणत्या लिपीत आहे, कोणत्या पद्धतीने बांधले आहे, हे पत्र स्वतःच सांगते. त्यामुळे डिकोड करणाऱ्या माणसाची गरज संपली आणि ते काम ई-मेलच्या आज्ञावलीकडे गेले.

मराठवाड्याच्या वाट्याला हे सारे कोणत्या क्रमाने आले, तेही पाहण्यासारखे आहे. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जिल्हा मुख्यालये उपग्रहाने जोडण्यासाठी निकनेट उभारले. जिल्ह्याची ठिकाणे म्हणून नांदेड आणि लातूर त्या नकाशावर आली. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले सप्टेंबर १९९४ मध्ये, म्हणजे माइमनंतर. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, तीही महानगरांतून. त्या सेवेत 'शेल' नावाचा स्वस्तातला, फक्त मजकुराचा पडदा मिळे. चित्रे दिसत नसत. अशा खात्यावर फोटो आलाच, तर एमच्या रांगांची फाईल आपल्या संगणकावर उतरवून घेऊन स्वतःच्या हाताने उलगडावी लागे. पुढे आपल्याकडच्या गावांत सायबर कॅफे आले, तोवर जोडपत्राची क्लिप आली होती. यूयूएन्कोडचा शब्दही इथल्या बहुतेकांच्या कानांवर पडला नाही, आणि त्याबद्दल हळहळण्याचे काही कारण नाही.

लातूरचा नॅरोगेज मार्ग या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रॉडगेज झाला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन दहा टाक्यांची गाडी थेट लातूरला आली, ती रूळ एकाच मापाचे झाल्यामुळे. कुर्डुवाडीला पाणी उतरवून पुन्हा भरणे कोणाला परवडले असते? ई-मेलच्या मार्गाचेही असे रुंदीकरण १९९३ पासून सुरू झाले. आठही बिट न कापता नेण्याची तयारी संगणक एकमेकांना कळवू लागले. पण टपालातील गोष्टी सावकाश बदलतात. फोटो आजही बहुधा बेस६४ मध्येच जातो आणि सुमारे ३७ टक्के फुगतो. म्हणूनच एखाद्या संस्थेच्या टपालाची मर्यादा दहा एमबी असेल आणि ती बांधलेल्या पत्रावर मोजली जात असेल, तर सव्वासात एमबीच्या पुढची फाईल परत येते. पाठवणारा मात्र आपली फाईल आठच एमबीची आहे म्हणून चक्रावतो.

एका गैरसमजाची मात्र दखल घ्यायलाच हवी. बेस६४ चा मजकूर डोळ्यांना अगम्य दिसतो, म्हणून तो गुप्त आहे असे पुष्कळांना वाटते. अर्ज भरण्याच्या संकेतस्थळांवर आणि छोट्या आस्थापनांच्या आज्ञावल्यांतही पासवर्ड किंवा ओळखक्रमांक 'सांकेतिक करून ठेवले आहेत' असे सांगितले जाते आणि प्रत्यक्षात ते नुसते बेस६४ मध्ये असतात. याला कुलूप म्हणत नाहीत. हे पोते फक्त दुसऱ्या मापाच्या डब्यात ठेवले आहे. सोडवण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे, किल्ली लागतच नाही. गुप्ततेसाठी एन्क्रिप्शन लागते आणि ते संपूर्णपणे वेगळे शास्त्र आहे. लातूरमध्ये प्रवेशपरीक्षांसाठी दरवर्षी हजारो मुले येतात आणि छायाचित्रांसह आपली माहिती ठिकठिकाणी देतात, तिथे हा भेद पालकांनी आणि संस्थाचालकांनीही जाणून घेतला पाहिजे.

मराठीपुरते बोलायचे तर युनिकोड आणि त्याची यूटीएफ-८ ही बांधणी आल्यावर चित्र पालटले. यूटीएफ-८ ची आखणी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली केली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला बरोबर तीन बाइट लागतात. म्हणजे बेस६४ मध्ये एका देवनागरी चिन्हाची नेमकी चार अक्षरे होतात! त्यातही पहिली तीन जवळजवळ ठरलेली. सर्व व्यंजने, काना आणि ऱ्हस्व वेलांटी यांची सुरुवात आकडा चार, के, एस अशी होते. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडण्याचे चिन्ह यांची चार, के, डब्ल्यू अशी. शब्दांमध्ये कोरी जागा आली की ती एकाच बाइटची असल्याने हे गट सरकतात आणि नक्षी बदलते. तरी एखाद्या बिघडलेल्या ई-मेलच्या विषयात 'चार-के-एस, चार-के-एस' अशी आवर्तने दिसली, तर समजावे की आत देवनागरी आहे, ती सुखरूप आहे आणि कोणत्याही साध्या डिकोडरने परत मिळेल.

जे परत मिळणे कठीण आहे, ते वेगळेच. युनिकोड रूढ होण्याआधी, आणि नंतरही कित्येक वर्षे, मराठी टंकलेखन फॉन्टच्या आधारे चालले. फाईलमध्ये इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आणि पडद्यावर त्या जागी मराठी अक्षरांची चित्रे. हेही एक प्रकारचे एन्कोडिंगच, पण प्रत्येक फॉन्टची सारणी निराळी, आणि आत कोणती सारणी आहे हे सांगणारे माइमसारखे लेबल नाही. स्थानिक दैनिकांचे अंक, दिवाळी अंक, प्रबंध, ग्रामपंचायतींचे ठराव, सहकारी संस्थांचे अहवाल असे किती तरी लेखन या रूपात फ्लॉपी आणि सीडींवर पडून आहे. फॉन्ट हरवला की 'न' च्या जागी कुठले तरी इंग्रजी अक्षर दिसते. नाव माहीत असेल तर रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत, आणि जोडाक्षरे व रफार सोडले तर त्या बऱ्यापैकी चोख काम करतात. नाव माहीत नसेल तर छापील प्रत शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवत सारणी नव्याने बांधावी लागते. अशा फायली ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांनी निदान त्या कोणत्या फॉन्टमध्ये टंकल्या आणि कोणत्या आज्ञावलीत उघडत असत, एवढे त्या सीडीच्या वेष्टणावर पेनाने लिहून ठेवावे. शक्य असल्यास एका पानाची छापील प्रतही सोबत जोडावी.